इंग्रजी चहा आणि दुपारचे मेज : पत्ती, मिश्रण व प्रथा यांची तुलना

‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ हे नाव मिरवणाऱ्या चहाच्या डब्यात इंग्लंडच्या मातीत पिकलेले एकही पान बहुधा नसते. त्यातील दाट रंग देणारी पत्ती आसामची किंवा केनियाची असते आणि तिला तजेला देणारा अंश श्रीलंकेचा असतो. कॉर्नवॉलमधील ट्रेगॉथनन इस्टेटीत २००५ पासून थोडाफार चहा निघतो. परंतु तो अपवादच. तरीही ‘इंग्रजी चहा’ ही जगभर ओळखली जाणारी गोष्ट आहे. लंडनच्या नामांकित हॉटेलांत दुपारच्या चहासाठी माणशी ७० ते १०० पौंड, म्हणजे साधारण आठ ते बारा हजार रुपये, मोजणाऱ्या प्रवाशांत भारतीयांची संख्याही कमी नसते.

या रकमेच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हे समजून घ्यायचे तर तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतात. पहिली पत्ती, जी मळ्यात तयार होते. दुसरे मिश्रण, जे व्यापारी पेढीच्या चाखणाऱ्यांच्या जिभेवर ठरते. तिसरे मेज, म्हणजे चिनी मातीची भांडी, सँडविच, स्कोन, संगीत आणि आदबशीर सेवा यांनी सजणारा दुपारचा प्रसंग. इंग्लंडचे कर्तृत्व दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत आहे. पहिली नेहमीच बाहेरून आली. इंग्रजी चहांची तुलना करताना हा भेद लक्षात ठेवला नाही, तर उत्तम दालनाला उत्तम चहा समजण्याची चूक सहज घडते.

चहा इंग्लंडला कसा पोहोचला

चीनच्या फुजियान किनाऱ्यावरील बोलीत या वनस्पतीला ‘ते’ म्हणत. डच व्यापाऱ्यांमार्फत हा शब्द पश्चिम युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘टी’ झाला. मराठीतील ‘चहा’ मात्र ‘चा’ या दुसऱ्या चिनी उच्चाराच्या कुळातला; पोर्तुगीज आणि फारसी शब्दही त्याच कुळातले.

लंडनमध्ये टॉमस गारवे याच्या कॉफीगृहात १६५७ च्या सुमारास चहा विकला जाऊ लागला. सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने आपण चहाचा पहिला पेला घेतल्याची नोंद २५ सप्टेंबर १६६० रोजी केली आहे. १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला. या विवाहाच्या करारातच मुंबईची बेटे इंग्रजांकडे आली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली गेली. मुंबईच्या इतिहासात आंदणातील बेटांमुळे ठाऊक असलेली ही राणी इंग्लंडच्या इतिहासात मात्र दरबारात चहाची आवड रुजवणारी म्हणून ओळखली जाते.

पुढे शतकभर चहा ही श्रीमंतांची चैन राहिली, कारण त्यावरील कर अवाजवी होता. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकटा विल्यम पिट याने कायदा करून हा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. या निर्णयामागे चहाचे व्यापारी रिचर्ड ट्वायनिंग यांचा सल्ला होता. करकपातीमुळे चोरटी आयात आतबट्ट्याची ठरली आणि चहा सामान्य घरांत पोहोचू लागला.

मागणी वाढली तशी चीनला द्यावयाची चांदीही वाढली. तिची भरपाई भारतात पिकवलेल्या अफूने झाली. बंगालची अफू कोलकात्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. मुंबईतील अनेक व्यापारी घराण्यांच्या संपत्तीची मुळे या व्यापारात आहेत. चीनवरील हे अवलंबन तोडण्यासाठी कंपनीने भारतात चहाचा शोध घेतला. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याला आसामातील सिंगफो जमातीकडून स्थानिक चहाच्या झाडांची माहिती मिळाली. आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ च्या जानेवारीत झाला. १८४० च्या दशकात दार्जिलिंगच्या टेकड्यांवर चिनी जातीची रोपे रुजली. श्रीलंकेत जेम्स टेलर याने १८६७ मध्ये लूलकंदुरा येथे चहाची लागवड केली आणि तांबेरा रोगाने कॉफीचे मळे उद्ध्वस्त केल्यावर ते बेट चहाचे झाले.

‘इंग्रजी’ समजली जाणारी चव घडली ती या स्थित्यंतरातून. चिनी चहा हलका आणि सुवासिक असून बहुधा दुधावाचून पिण्याजोगा होता. आसामची रुंद पाने मात्र गडद, तुरट आणि माल्टची आठवण करून देणारी. दूध आणि साखर पचवूनही त्यांची चव मागे उरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात भारत आणि श्रीलंका यांनी चीनला मागे टाकले, तेव्हा दुधाचा कडक चहा ही इंग्रजांची राष्ट्रीय सवय होऊन बसली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पानाने इंग्लंडची जीभ घडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

दुपारच्या चहाची प्रथा

दुपारच्या चहाचा उगम सामान्यतः बेडफर्डच्या सातव्या डचेस अ‍ॅना मारिया रसेल यांच्या नावाशी जोडला जातो. १८४० च्या सुमारास उच्चभ्रू घरांत रात्रीचे जेवण साडेसात-आठपर्यंत लांबले होते आणि मध्यान्हीचा आहार अगदी हलका असे. चार-पाचच्या सुमारास येणाऱ्या ग्लानीवर उपाय म्हणून डचेस आपल्या खोलीत चहा, पाव आणि लोणी मागवू लागल्या, पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागल्या, अशी ही कथा आहे. चहासोबत काही खाण्याची पद्धत त्याआधीही होती. त्यामुळे डचेसने प्रथा निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा, जेवणाच्या बदललेल्या वेळांनी निर्माण केलेल्या प्रथेला त्यांचे नाव मिळाले, असे म्हणणे अधिक योग्य.

दिवाणखान्यातून ही प्रथा रस्त्यावर आली ती चहागृहांमुळे. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ मध्ये लंडनमध्ये चहागृह काढले. लायन्स कंपनीने १८९४ मध्ये पिकॅडिली येथे आपले पहिले चहागृह उघडले. मद्यगृहात किंवा पुरुषांच्या क्लबात ज्यांना प्रवेश नव्हता किंवा शोभत नव्हता, अशा स्त्रियांना सोबतीला पुरुष नसताना निर्धास्त बसता येईल अशी ही पहिलीच सार्वजनिक जागा होती. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अनेक भेटीगाठी चहागृहांत झाल्या. दुसऱ्या महायुद्धात चहावर शिधावाटप आले. जुलै १९४० मध्ये प्रौढ माणसाला आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, चहा ठरवून देण्यात आला. हे बंधन १९५२ पर्यंत टिकले.

क्रीम टी, आफ्टरनून टी आणि हाय टी

भारतातील हॉटेले आणि निमंत्रणपत्रिका दुपारच्या फराळाला सर्रास ‘हाय टी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि हा फरक न कळल्यास प्रवाशाची अपेक्षा व समोर आलेली थाळी यांचा मेळ बसत नाही.

‘आफ्टरनून टी’ हा साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यानचा प्रसंग. त्यात तीन मजली तबक असते. खालच्या मजल्यावर कडा कापलेली बोटभर रुंदीची सँडविच, मधल्या मजल्यावर स्कोन, वरच्या मजल्यावर केक व पेस्ट्री. खाण्याचा क्रम खालून वर, म्हणजे तिखटमिठाकडून गोडाकडे. सँडविचमध्ये काकडी, अंडे, धुरावलेला सामन मासा हे ठरलेले प्रकार. त्यांच्या जोडीला अनेकदा ‘कॉरोनेशन चिकन’ असते. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या १९५३ मधील राज्याभिषेकासाठी तयार झालेल्या या पदार्थात करी पावडर असते.

‘क्रीम टी’ हा साधा प्रकार. चहाची किटली, स्कोन, मुरांबा आणि घट्ट साय एवढेच त्यात असते. ही साय म्हणजे ‘क्लॉटेड क्रीम’. मंद आचेवर तापवून जमवलेली, आपल्याकडील दाट सायीच्या जवळ जाणारी. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ या नावाला १९९८ पासून युरोपीय संरक्षण मिळाले आणि तिच्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असणे बंधनकारक ठरले. डेव्हन परगण्यात स्कोनवर आधी साय आणि वर मुरांबा लावतात, तर कॉर्नवॉलमध्ये आधी मुरांबा आणि वर साय. दोन्ही परगण्यांतील लोक हा क्रम गांभीर्याने घेतात.

‘हाय टी’ हे मुळात कष्टकऱ्यांचे संध्याकाळचे जेवण. गिरणीतून किंवा खाणीतून परतलेल्या माणसाला पाच ते सातच्या दरम्यान मिळणारे मांस, पाव, चीज, भाजलेले पदार्थ आणि सोबत कडक चहा. दिवाणखान्यातील बुटक्या मेजाऐवजी जेवणाच्या उंच मेजावर ते घेतले जाई, म्हणून ‘हाय’, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. उत्तर इंग्लंडमध्ये आजही अनेक घरांत रात्रीच्या जेवणाला नुसते ‘टी’ म्हणतात.

प्रमुख मिश्रणे

‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ हे दुधासाठी घडवलेले मिश्रण आहे. आसाम त्याला अंग देतो, श्रीलंकेचा चहा तेज देतो, केनियाचा चहा लालसर रंग देतो. काही पेढ्या दार्जिलिंगही मिसळतात. हॅरॉड्सच्या ‘क्रमांक १४’ या मिश्रणात दार्जिलिंग, आसाम, श्रीलंका आणि केनिया असे चारही असतात. ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाला कायद्याने ठरवलेले प्रमाण नसल्यामुळे एका पेढीचा डबा दुसरीच्या डब्यासारखा नसतो.

‘अर्ल ग्रे’ म्हणजे बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलाने सुगंधित केलेला काळा चहा. हे फळ मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया भागात पिकते. १८३० ते १८३४ या काळात पंतप्रधान असलेले दुसरे अर्ल चार्ल्स ग्रे यांच्या नावाने तो ओळखला जातो. एका चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिली, ही दंतकथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मूळ कृती आपलीच, असा दावा ट्वायनिंग्ज आणि जॅक्सन्स ऑफ पिकॅडिली या दोन्ही पेढ्यांनी केला आहे. चांगल्या अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट पत्तीवर मात करत नाही. सुगंध नाकात भरतो, पण घोट घेतल्यावर चहाची चव लागत नाही, अशा वेळी निकृष्ट पत्ती तेलाखाली झाकली गेली आहे असे समजावे.

‘लॅपसांग सूचाँग’ हा फुजियानच्या वुयी पर्वतातील, पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला चहा. त्याचा धुरकट वास सर्वांना रुचत नाही. परंतु धुरावलेला मासा किंवा चीज यांच्या सँडविचबरोबर तो शोभतो. त्याला दूध लावीत नाहीत.

‘दार्जिलिंग’ हे मिश्रणापेक्षा मूळ स्थानाचे नाव. मार्च-एप्रिलमधील पहिली खुडणी, म्हणजे ‘फर्स्ट फ्लश’, फिकट सोनेरी आणि फुलांच्या वासाची असते. मे-जूनमधील ‘सेकंड फ्लश’ अधिक गडद असून तिच्यात मस्कट द्राक्षांची आठवण देणारा प्रसिद्ध ‘मस्कटेल’ गंध असतो. कोवळ्या पानांवर तुडतुड्यांचा हल्ला झाल्यावर झाडात होणारे बदल या गंधाला काही अंशी कारणीभूत असतात. आफ्टरनून टीच्या हलक्या पदार्थांबरोबर आसामपेक्षा दार्जिलिंग अधिक जुळतो, कारण काकडीच्या सँडविचची नाजूक चव कडक चहात हरवते.

डब्यावरील ‘ऑरेंज पेको’ या शब्दांचा संत्र्याशी संबंध नाही. ती पानाच्या आकाराची प्रतवारी आहे. ‘ब्रोकन’ म्हणजे तुटकी पाने, ‘फॅनिंग्ज’ आणि ‘डस्ट’ म्हणजे त्याहून बारीक चुरा. पिशवीतील चहा बहुधा या शेवटच्या दोन प्रतींचा असतो. तो लवकर उतरतो, पण त्याचा गंध थोडाच वेळ टिकतो. पाने चिरडून, फाडून, वळवून दाणेदार करण्याची ‘सीटीसी’ पद्धत १९३० च्या दशकात आसाममध्ये विकसित झाली. भारतातील घराघरांतला उकळीचा चहा याच पद्धतीचा.

पेढ्यांची तुलना

टॉमस ट्वायनिंग याने १७०६ मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर दुकान घेतले. त्याच जागी, २१६ क्रमांकाच्या अरुंद गाळ्यात, ही पेढी आजही आहे. तिचा भर सर्वांना परवडणाऱ्या आणि दरवर्षी तीच चव देणाऱ्या मिश्रणांवर आहे. मळ्यातील पत्ती प्रत्येक हंगामात बदलते. चव न बदलू देणे हेच मिश्रण करणाऱ्याचे कसब.

पिकॅडिलीतील फोर्टनम अँड मेसन ही १७०७ पासूनची पेढी. राजा सातवा एडवर्ड याच्यासाठी १९०२ मध्ये तयार झालेले ‘रॉयल ब्लेंड’ हे आसाम आणि श्रीलंका यांचे मिश्रण तिची ओळख आहे. त्याच्या जोडीला एकाच मळ्यातील, मळ्याचे नाव सांगून विकले जाणारे चहाही येथे मिळतात. पत्ती पारखणाऱ्याला येथे निवडीला अधिक वाव आहे.

हॅरोगेटची टेलर्स ही पेढी १८८६ मधील. निरनिराळ्या गावांतील पाण्याला अनुसरून चहा मिसळण्याची तिची परंपरा आहे. तिचा १९७७ मध्ये आलेला ‘यॉर्कशायर टी’ हा रोजच्या दुधाच्या चहासाठीचा कडक प्रकार असून जड पाण्यासाठी त्याची वेगळी आवृत्तीही निघते.

ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये चहाची पिशवी रूढ करणाऱ्या टेटली या पेढीची कथा भारतीय वाचकाला विशेष वाटेल. २००० मध्ये टाटा टी या भारतीय कंपनीने ती २७.१ कोटी पौंडांना विकत घेतली. ज्या देशाच्या मळ्यांवर ब्रिटनचा चहा उभा राहिला, त्या देशाकडे ब्रिटनच्या सर्वपरिचित चहानामांपैकी एकाची मालकी आली.

लंडनमधील मेजे

मेजांची तुलना करताना प्रत्येक ठिकाणाचे बलस्थान पाहणे उपयुक्त ठरते.

१९०६ मध्ये उघडलेल्या रिट्झच्या पाम कोर्टमध्ये समारंभ पूर्ण थाटात असतो. सोनेरी नक्षी, झुंबरे आणि संगीत यांच्या जोडीला पोशाखाचा नियम आहे. पुरुषांना कोट आणि टाय आवश्यक असतो. दिवसभरात ठराविक वेळांच्या बैठका लावल्या जातात, त्यामुळे निवांतपणापेक्षा शिस्त अधिक जाणवते. आरक्षण बरेच आधी करावे लागते.

क्लॅरिजेसच्या फॉयरमध्ये आर्ट डेको शैलीची सजावट आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची भांडी ही ओळख. येथे आदब आहे, पण रिट्झइतका औपचारिक ताण नाही.

१८३७ मध्ये सुरू झालेले ब्राउन्स हे हॉटेल कवी लॉर्ड बायरन याचा सेवक जेम्स ब्राउन आणि त्याची पत्नी सारा यांनी काढले. लाकडी तावदानांच्या भिंती आणि शेकोटी असलेली तेथील बैठक खाजगी घराच्या दिवाणखान्याच्या सर्वांत जवळ जाते. दोघा-तिघांना शांतपणे बोलायचे असेल तर ती सोयीची.

१८६५ मध्ये उघडलेले लँगम हॉटेल आपल्या पाम कोर्टमध्ये हॉटेलातील दुपारच्या चहाची परंपरा सुरू झाली, असा दावा करते. १८८९ मधील सॅव्हॉयमध्ये काचेच्या घुमटाखाली पियानोच्या साथीने चहा दिला जातो. फोर्टनमच्या चौथ्या मजल्यावरील दालनाचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी २०१२ मध्ये त्यांच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवी वर्षात केले. चहाच्या निवडीचा विचार करता हे दालन इतरांपेक्षा सरस ठरते, कारण पाहुण्यासमोर ठेवली जाणारी यादी चहाच्या दुकानाची असते.

या ठिकाणांच्या बिलात बहुतेक वेळा सेवाशुल्क वेगळे जोडले जाते. सँडविच आणि चहा पुन्हा मागवल्यास सहसा अधिक आकार पडत नाही, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. शाकाहारी पाहुण्यांनी आरक्षणाच्या वेळीच तसे कळवणे आवश्यक आहे. काही पेस्ट्री व मूसमध्ये प्राणिजन्य जिलेटिन असते आणि केकमध्ये अंडे असणे हा तेथील सर्वसाधारण नियम आहे.

लंडनबाहेर

यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथे १९१९ मध्ये फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईवाल्याने काढलेले बेटीज हे चहागृह उत्तरेतील सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. १९६२ पासून टेलर्सची पेढी याच उद्योगाचा भाग आहे, त्यामुळे चहा आणि भाजलेले पदार्थ दोन्ही एकाच घरचे. तेथील ‘फॅट रास्कल’ हा सुकामेवा घातलेला, बदाम व चेरी लावलेला मोठा स्कोन परिचित आहे. बाथ येथील पंप रूममध्ये रोमनकालीन स्नानगृहांशेजारी संगीताच्या साथीने चहा घेता येतो.

परंतु इंग्रजी चहाचा खरा सुखद अनुभव अनेकांना डेव्हन किंवा कॉर्नवॉलच्या एखाद्या खेड्यातील चहागृहात मिळतो. ताजे गरम स्कोन, स्थानिक साय आणि किटलीभर साधा चहा यांचे मोल लंडनच्या मेजाच्या काही अंशाइतकेच. थंड झालेला स्कोन नाजूक तबकातही निर्जीव लागतो. भट्टीतून नुकताच निघालेला स्कोन जाड बशीतही उत्तम लागतो.

पाणी, दूध आणि वेळ

लंडनचे पाणी चुनखडीच्या थरांतून येत असल्यामुळे जड आहे. अशा पाण्यात चहावर पातळ तवंग येतो आणि दार्जिलिंगसारख्या नाजूक पत्तीचा गंध दबतो. चांगली हॉटेले पाणी गाळून वापरतात. लंडनमध्ये आवडलेला डबा घरी आणल्यावर चव बदलल्याची तक्रार होते, तिचे कारण बहुतेकदा पाणी असते.

काळ्या चहाला नुकतेच उकळलेले पाणी आणि तीन ते पाच मिनिटे पुरेशी होतात. फर्स्ट फ्लश दार्जिलिंगला पाणी थोडे निवलेले आणि वेळ कमी लागतो. चहा चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये ठरवलेल्या पद्धतीत १०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे असे प्रमाण आहे. ते पिण्यासाठी सुचवलेले नसून चवीतील दोष उघडे पाडण्यासाठी आहे.

दूध आधी की चहा आधी, हा इंग्लंडमधील जुना वाद. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये लिहिलेल्या लेखात चहाचे अकरा नियम सांगितले आणि चहा आधी ओतण्याचा पक्ष घेतला. २००३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने उलट सल्ला दिला. गरम चहात दूध थोडे थोडे पडले की त्यातील प्रथिनांचे स्वरूप बिघडते, म्हणून दूध आधी घालावे, असे तिचे म्हणणे होते. दोहोंच्या मते पत्ती चांगली असणे मात्र निर्विवाद होते.

नाव आणि मळा

या तुलनेतील सर्वांत गंभीर प्रश्न डब्यावरील नावाचा आहे. ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ या नावावर कोणाचाही हक्क नाही. कोणत्याही देशातील पत्ती त्या नावाने विकता येते. ‘दार्जिलिंग’ या नावाचे तसे नाही. भौगोलिक निर्देशांकाच्या भारतीय कायद्याखाली नोंदले गेलेले ते पहिले उत्पादन होय, आणि २०११ मध्ये त्याला युरोपीय संघातही संरक्षण मिळाले. आसाम ऑर्थोडॉक्स, निलगिरी आणि कांगडा हे चहाही पुढे भारतात नोंदले गेले. कांगडा चहाला २०२३ मध्ये युरोपीय मान्यता लाभली.

संरक्षण असूनही दार्जिलिंगची स्थिती नाजूक आहे. एकेकाळी वर्षाला एक कोटी किलोहून अधिक असलेले उत्पादन अलीकडे साठ लाख किलोंच्या आसपास आले आहे. जुनी झाडे, बदलते पर्जन्यमान आणि मजुरांचे स्थलांतर ही त्याची कारणे. २०१७ मध्ये गोरखालँडच्या मागणीसाठी झालेल्या १०४ दिवसांच्या बंदमध्ये त्या वर्षीची सेकंड फ्लश जवळजवळ संपूर्ण हातची गेली. नेपाळमधील स्वस्त चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो, ही तेथील मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे.

मिश्रणात मळ्याचे नाव लोपते तेव्हा त्या मळ्यातील मजुराची स्थितीही नजरेआड होते. एक किलो तयार चहासाठी साधारण साडेचार किलो हिरवी पाने खुडावी लागतात, आणि हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. आपल्या चहाची पाने कोठून येतात हे जाहीर करावे, अशी मोहीम ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये उभी राहिली. त्यानंतर अनेक मोठ्या पेढ्यांनी आसाममधील पुरवठादार मळ्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. ग्राहकाने विचारले की माहिती मिळते, हे त्यातून दिसून आले.

भारतातील वाचकासाठी

दुपारच्या चहाचा अनुभव घेण्यासाठी लंडनलाच जायला हवे असे नाही. मुंबईत १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या सी लाउंजमध्ये सँडविच आणि स्कोन यांच्या पंगतीला भेळ आणि बटाटावडाही बसतात. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील फ्लरीज हे चहागृह १९२७ पासूनचे. दार्जिलिंगच्या विंडमीयर हॉटेलात वसाहतकालीन रीत अजून पाळली जाते, आणि तेथे चहा मळ्यापासून काही मैलांवरच पेल्यात उतरतो.

कोणत्याही मेजावर बसताना काही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. चहा सुट्या पत्तीचा आहे की पिशवीचा? यादीत मळ्याचे नाव आणि खुडणीचा हंगाम दिला आहे का? पत्ती किटलीत शेवटपर्यंत तशीच राहते की वेळेवर काढली जाते? स्कोन मागणीनंतर गरम होतो का? उत्तरे समाधानकारक असतील तर किमतीचा मोठा भाग पत्तीवर आणि कौशल्यावर खर्च झाला आहे. नसतील तर तो दालनावर खर्च झाला आहे. दालनासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. आपण कशासाठी मोजतो आहोत हे मात्र माहीत असावे.

घरच्या घरी तुलना करून पाहायची असल्यास उपाय सोपा आहे. तीन भाग आसाम ऑर्थोडॉक्स आणि एक भाग निलगिरीची पत्ती एकत्र करावी. किटली गरम पाण्याने विसळून त्यात माणशी एक लहान चमचा पत्ती घालावी आणि उकळते पाणी ओतून चार मिनिटे झाकून ठेवावी. दूध वेगळे द्यावे. श्रीलंकेच्या चहाचे तेज येथे निलगिरी देतो. महागड्या डब्यातील इंग्लिश ब्रेकफास्टशेजारी हा पेला ठेवून चाखल्यास त्या डब्याचे मोल पत्तीत किती आणि नावात किती, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.